परत आलेली मालिका आणि हरवलेला ठेका

तुमचा प्रश्न असा: लहानपणापासून तोंडपाठ असलेली एक विनोदी कॉमिक मालिका मूळ कर्ते गेल्यानंतर नव्या हातांनी पुन्हा सुरू झाली. नवा अल्बम, म्हणजे मालिकेचे नवे पुस्तक, तुम्ही आल्या आल्या घेतला. चित्र इतके हुबेहूब की जुन्या-नव्यातला फरक सांगता येऊ नये, तरी एकदाही मोठ्याने हसू आले नाही. दोष आपल्या वयाचा की पुस्तकाचा, आणि अशा मालिका परत आणाव्यातच का?

वयाचा भाग आहेच, पण लहान आहे, म्हणून तो आधी उरकतो. नवे पुस्तक आपण एकदा वाचतो आणि त्याची तुलना करतो ती पारायणे झालेल्या पुस्तकांशी. त्या पारायणांत जुन्या पुस्तकांतली पडेल पाने कधीच विसरली गेलेली असतात, लक्षात राहतात ती फक्त हुकमी. ‘अ‍ॅस्टरिक्स’ या रोमनांना दाद न देणाऱ्या गॉल गावाच्या फ्रेंच मालिकेचा १९६१ चा पहिला अल्बम आज काढून बघा. नायकाचा जोडीदार ओबेलिक्स त्यात जवळजवळ पाहुणा आहे, कुत्र्याचा पत्ता नाही आणि रेषा अजून चाचपडते आहे. आपण ज्याला ‘खरा अ‍ॅस्टरिक्स’ म्हणतो, तो पुढच्या काही अल्बमांत घडत गेला. तेव्हा कुठल्याही नव्या जोडीला पहिल्याच पुस्तकावरून निकालात काढू नका. एवढे म्हटल्यावर मात्र सांगतो, की तुम्ही वर्णन केलेली लक्षणे पाहता दोष बहुधा पुस्तकातच आहे.

मी विनोदी चित्रकथांची पाने लिहितो आणि दुसऱ्यांची तपासतो. बंद पडलेली मालिका पुन्हा उभी करण्याच्या कामातही होतो. अशा कामाच्या पहिल्या बैठकीत चर्चा होते ती चित्रकाराची. रेषा जुळते का, नाक जुळते का, बुटाचा बाक जुळतो का. नमुन्याची पाने मागवतात, जुन्या पानांशेजारी ठेवून पाहतात आणि ज्याची पाने ओळखू येत नाहीत त्याला काम मिळते. लेखकाचा विचार त्यानंतर. संवादांच्या फुग्यांतली अक्षरे कोण लिहिणार, हा विषय तर निघतच नाही. माझ्या मते घोटाळा इथेच होतो. विनोदी कॉमिकमध्ये नक्कल करायला सगळ्यांत सोपी गोष्ट कुठली असेल तर ती रेषा. हसू येते ते ठेक्यामुळे: कुठल्या चौकटीनंतर कुठली, किती शब्दांत, पानाच्या कुठल्या कोपऱ्यात. रेषा मेहनतीने हाती येते. ठेका मात्र ज्या कामाच्या पद्धतीतून जन्मला, ती पद्धतच बहुतेक वेळा मोडीत निघालेली असते.

याचे सगळ्यांत बोलके उदाहरण गास्तों लागाफचे. बेल्जियन चित्रकार आंद्रे फ्रांकँ याचा हा नायक २८ फेब्रुवारी १९५७ च्या ‘स्पिरू’ साप्ताहिकात अवतरला, तोही कथेविना. सुरुवातीला तो अंकात नुसता इकडेतिकडे दिसत राहिला. हा कोण, इथे काय करतो, कोणी बोलावले, काही खुलासा नाही. मग कळले की तो त्याच साप्ताहिकाच्या कचेरीत कामाला आहे आणि काम सोडून बाकी सगळे करतो: झोपतो, शोध लावतो, मांजर आणि समुद्रपक्षी पाळतो. बडा व्यावसायिक द मेस्माकर करारावर सही करायला येतो आणि गास्तोंच्या एखाद्या उपद्व्यापामुळे सही राहते ती राहतेच. असे सुमारे ९०० विनोद. फ्रांकँ १९९७ च्या जानेवारीत वारला. त्याने हयातीतच मालिकेचे हक्क विकले होते, ते फिरत फिरत २०१३ मध्ये द्युपुई या प्रकाशनाकडे आले.

२०२२ च्या मार्चमध्ये द्युपुईने जाहीर केले की कॅनडाचा देलाफ हा चित्रकार गास्तोंचा नवा अल्बम करतो आहे. फ्रांकँच्या मुलीने, इझाबेल फ्रांकँने, हरकत घेतली. आपल्यानंतर गास्तों दुसऱ्या कोणी काढू नये असे वडिलांनी बोलून दाखवले होते, हा तिचा मुद्दा. साप्ताहिकातली छपाई थांबली, प्रकरण लवादाकडे गेले. २०२३ मध्ये निकाल आला: मालिका पुढे चालवण्याचा प्रकाशकाचा हक्क मान्य, पण मुलीच्या संमतीचा मुद्दा डावलता येत नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्बम बाजारात आला.

देलाफने फ्रांकँच्या जुन्या चित्रांचा मोठा संग्रह करून, हालचाली आणि हावभाव निवडून, त्यांवर काम केले. तंत्र म्हणून मी ते थक्क होऊन पाहिले. काही पाने खरोखर हसवतात. पण बरीच पाने वाचताना एक अडखळ जाणवत राहिली आणि ती कुठली हे कळायला मला जुने अल्बम शेजारी उघडून बसावे लागले. फ्रांकँ आधी विनोद ठरवायचा आणि त्या विनोदाला लागेल तसे शरीर वाकवायचा. म्हणून त्याचा माणूस चिडला की पायाच्या बोटांपासून चिडतो, दचकला की टायसकट हवेत जातो, आणि दर वेळी वेगळा. संग्रहातून काम करणाऱ्याकडे शरीर आधीच तयार असते. ते कुठल्या तरी दुसऱ्या विनोदासाठी वाकलेले असते आणि नवा विनोद त्याच्या मापाने बेतावा लागतो. वाचकाला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त वाटते, की सगळे ठीक आहे आणि तरी कपडा कुणा दुसऱ्याचा आहे.

‘मूळ हात’ म्हणजे एकाच माणसाचा हात, ही समजूतही इथे बाजूला ठेवली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत गास्तोंच्या पानांवर जिदेहेम हा सहकारी फ्रांकँबरोबर राबत होता. जिदेहेमचे खरे आडनाव द मेस्माकर. सही न होणाऱ्या त्या बड्या पाहुण्याचे नाव तिथून आले. म्हणजे मालिकेतला सगळ्यांत लांबलेला विनोद कचेरीतल्या चेष्टामस्करीतून उगवलेला. मेहनती नकलाकाराला आडनाव मिळते, ती कचेरी मिळत नाही.

आता ठेका म्हणजे काय ते जरा उकलून सांगतो. मालिका परत आणणारे लोक नेमके याच ठिकाणी घाई करतात.

समजा एक पानी विनोद आहे. कचेरीतले टेबल डुगडुगते म्हणून कारकुनाने पायाखाली एक फाइल सरकवली आहे. साहेबाला नेमकी तीच फाइल हवी आहे. पहिल्या चौकटीत साहेब फाइल मागतो. दुसरीत कारकून बोटाने टेबलाचा पाय दाखवतो. तिसरीत साहेब वाकतो. चौथीत आपल्याला फक्त टेबलाचा वरचा भाग दिसतो: काठावर शाईची दौत. पाचवीत तीच जागा, तोच कोन, काहीही घडत नाही. सहावीत साहेब नखशिखान्त निळा, हातात फाइल, आणि तो शांतपणे म्हणतो, “ही मागच्या वर्षीची आहे.” विनोद इथे संपतो. त्यातली सगळ्यांत महागाची चौकट पाचवी, जिच्यात काही नाही. ती काढली की दौत नुसती सांडते. ती ठेवली की वाचक आधी सांडवतो आणि मग चित्र सांडवते.

असे पान नव्या मंडळींच्या बैठकीत गेले की दोन गोष्टी घडतात. कोणीतरी म्हणतो, पाचव्या चौकटीत काही होत नाही, जागा वाया जाते आहे. आणि कोणीतरी म्हणतो, शेवटी कारकुनाचा हसरा चेहरा दाखवू, म्हणजे विनोद पोहोचेल. दोन्ही सूचना मी या कानांनी ऐकल्या आहेत. दोन्ही मानल्या की पान मेलेच. पात्र हसले की वाचकाचे हसणे त्याने आधीच उरकलेले असते. परत आलेल्या मालिकांमध्ये या ‘पोहोचवणाऱ्या’ चौकटी मोजून बघा. शंका आलेल्या माणसाचे ते हस्ताक्षर आहे. मूळ कर्त्याला विनोद पोहोचेल की नाही याची शंका नव्हती असे नाही. पण पुढच्या आठवड्यात दुसरे पान होतेच, त्यामुळे तो धोका पत्करायचा.

हा आठवड्याचा मामला मोठा आहे. युरोपातल्या बहुतेक गाजलेल्या विनोदी मालिका आधी साप्ताहिकांत पानापानाने आल्या आणि मग अल्बम झाल्या. ‘अ‍ॅस्टरिक्स’ २९ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात सुरू झाला. आठवड्याला एक-दोन पाने छापून येणार, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तर हशा हवा नाहीतर उत्सुकता हवी. एकही पान नुसते ‘पुढे नेण्यासाठी’ खर्च करता येत नसे. जुन्या अल्बमांत दर पानाला उजव्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी घडते, ते याच सक्तीमुळे.

आणि वाचक त्यात शब्दशः सामील होते. पाचव्या कथेत दोघे नायक देशभर फिरतात. पॅरिसमधल्या, म्हणजे तेव्हाच्या ल्युटेशियातल्या, मांसाच्या दुकानाबाहेर एक छोटे कुत्रे बसलेले दिसते. पुढे ते कोणाच्याही नकळत या दोघांच्या मागे चालत राहते, पान न् पान, चौकटीच्या तळाशी. ओबेलिक्सचे लक्ष त्याच्याकडे जाते ते पार शेवटी, मेजवानीच्या वेळी. त्या कुत्र्याला नाव नव्हते. ‘पिलोत’ने वाचकांची स्पर्धा घेतली आणि त्यातून ‘इदेफिक्स’ हे नाव पडले. आज मालिका परत आणताना या कुत्र्याला पहिल्या चौकटीत उभे करतात, कारण करारात त्याचे नाव आहे. पण तो ज्या वाटेने आला, ती वाट आता बंद आहे. आजचा अल्बम एकदम लिहिला जातो, एकदम काढला जातो आणि एकाच दिवशी कितीतरी देशांत विकायला येतो. कोणता विनोद चालला हे लेखकाला कळते तोवर पुस्तक छापून झालेले असते.

यावर उपाय आहे आणि तो मी जिथे सल्ला द्यायची वेळ येते तिथे देतो: नव्या जोडीला वर्षभर कुठेतरी सुटी पाने काढू द्या, लोकांना दाखवा, पडू द्या, मग अल्बमचे बोला. हा सल्ला फारसा मानला जात नाही. कारण उघड आहे. २०२३ च्या ‘अ‍ॅस्टरिक्स’च्या अल्बमची पहिली छपाई सुमारे ५० लाख प्रतींची होती. एवढा पैसा ज्या तारखेला अडकलेला असतो, ती तारीख कोणी पुढे ढकलत नाही.

ठेक्याचा दुसरा झरा म्हणजे भांडण. ‘अ‍ॅस्टरिक्स’चे कर्ते दोघे: गोसिनी लिहायचा, उदेर्झो चित्रे काढायचा. गोसिनीची संहिता चौकटीगणिक टंकलिखित असे, संवादासकट. उदेर्झोला लढाया आणि मुष्टियोद्ध्यांची गर्दी आवडायची, गोसिनीला बोलणे आणि कोट्या. एकाची हौस दुसऱ्याने आवरायची, असा तो संसार होता. ५ नोव्हेंबर १९७७ ला गोसिनी अचानक गेला, वय अवघे ५१. बेल्जियमवरचा अल्बम तेव्हा अर्धा काढून झाला होता. उदेर्झोने तो पुरा केला आणि गोसिनीच्या मृत्यूनंतरच्या पानांत आकाश भरून आलेले ठेवले, पाऊस लावला. पुढची पंचवीसेक वर्षे त्याने एकट्याने लिहून काढली. चित्र उलट अधिक देखणे झाले. पण ‘हे नको’ म्हणणारे माणूस टेबलाच्या पलीकडे उरले नव्हते. २००५ च्या अल्बममध्ये परग्रहवासी आले आणि निष्ठावंत वाचकही बिथरले. रेषेच्या शुद्धतेने विनोद टिकत असता तर हा अल्बम सगळ्यांत विनोदी ठरायला हवा होता. मूळ चित्रकार, मूळ शाई, मूळ गाव, आणि ठेका नाही.

म्हणूनच २०१३ मध्ये जाँ-इव्ह फेरी आणि दिदिए कोनराद या जोडीकडे काम गेले तेव्हा माझे लक्ष कोनरादच्या चित्रांकडे कमी आणि फेरीच्या संवादांकडे जास्त होते. पहिले काही अल्बम बिचकत लिहिलेले आहेत. त्यांत ज्याला मी हजेरीपट म्हणतो तो प्रकार फार: चाचे आले, हजर. माशांवरून मारामारी, हजर. गायकाला बांधून ठेवले, हजर. शेवटची मेजवानी, हजर.

चाच्यांचेच बघा. मुळात तो ‘पिलोत’मध्येच छापून येणाऱ्या एका गंभीर चाचेकथेचा शेजाऱ्याने केलेला टवाळपणा होता. ती गंभीर कथा कित्येक वाचकांना माहीतही नाही, पण टवाळी टिकली, कारण गोसिनी दर वेळी तिची कळ फिरवत राहिला. आधी जहाज बुडते. मग हे गाववाले दिसताच चाचे स्वतःच भोक पाडून आपले जहाज बुडवतात, तेवढाच मार वाचला. मग एकदा बुडालेले चाचे तराफ्यावर ज्या अवस्थेत बसलेले असतात, ती चौकट म्हणजे जेरिकोच्या प्रसिद्ध ‘मेदुसाचा तराफा’ या तैलचित्राची नक्कल निघते. पुन्हा पुन्हा येणारा विनोद पुन्हा पुन्हा मोडावा लागतो. नुसता हजेरीला उभा केला की तो विधी होतो, आणि विधीला कोणी हसत नाही.

२०२३ मध्ये लेखक म्हणून फाबकारो आला आणि मला पहिल्यांदा वेगळा श्वास ऐकू आला. हा मूळचा स्वतंत्र, विक्षिप्त पुस्तकांचा माणूस. माणसे गुळगुळीत भाषेत मूर्खपणा बोलतात आणि समोरचे तितक्याच गुळगुळीतपणे मान डोलावतात, ही त्याची खासियत. त्याने गावात सीझरचा एक सकारात्मक विचारांचा गुरू धाडला. गुरू सगळ्यांना गोड बोलायला शिकवतो, भांडणे थंडावतात, आणि भांडणे थंडावल्यामुळे गाव धोक्यात येते. इथे जुनीच हजेरी आहे, पण कल्पनेने तिला उलटे टांगले आहे. मासळीवाल्याची मारामारी होत नाही हाच विनोद. माझ्या मते परत येण्याची ही योग्य रीत: स्वतःचा ठेका असलेला लेखक आणा आणि त्याला जुन्या ताटलीत आपला पदार्थ वाढू द्या. अल्बम निर्दोष नाही, मध्ये रेंगाळतो. तरी तो कोणीतरी लिहिलेला आहे, असे वाटते.

अक्षरांचा मुद्दा वर निघाला होता. ‘अ‍ॅस्टरिक्स’मध्ये गॉथ लोक काटेरी जर्मन वळणाच्या लिपीत बोलतात, इजिप्तचा माणूस चित्रलिपीत. फुगा नुसता वाचायचा नसतो, तो ऐकायचा असतो. हाताने लिहिलेल्या आरोळीत प्रत्येक अक्षर वेगळे तडफडते. संगणकातल्या टंकात तेच अक्षर तीनदा आले तर तिन्ही वेळा सारखेच येते आणि आरोळी सूचनाफलकासारखी दिसते. तुमच्या हातातल्या अल्बममध्ये एखादी मोठी किंचाळी शोधा आणि तिच्यातली एकसारखी अक्षरे जुळवून बघा.

चित्र न जुळवताही मालिका परत येऊ शकते, आणि मला ते उदाहरण फार आवडते. ‘मॅड’ या अमेरिकी विनोदी मासिकातली काळ्या-पांढऱ्या हेरांची ‘स्पाय व्हर्सेस स्पाय’ ही चित्रमालिका क्युबातून बाहेर पडलेल्या अंतोनिओ प्रोहियासने १९६१ मध्ये सुरू केली. त्याची रेषा शाईची, धारदार. १९९७ मध्ये ती पीटर कूपरकडे आली. त्याने रेषेची नक्कल केलीच नाही, छाप कापून त्यांवर रंगाचे फवारे मारले. दाणेदार, धुरकट, जवळजवळ भिंतीवरच्या चित्रासारखे. पण सापळा कसा लागतो, कोण कोणावर उलटतो, शब्दाविना शेवट कसा होतो, ही यंत्रणा त्याने हात न लावता ठेवली. चित्र बदलले, ठेका राहिला, मालिका कित्येक वर्षे चालली. रेषा हुबेहूब हवीच असे मानणाऱ्यांना मी हे दाखवतो.

जिथे जुनीच माणसे परत येतात तिथे काम सोपे असते. सर्जिओ आरागोनेसचा मूर्ख तलवारबाज ग्रू १९८२ पासून एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे हिंडतो आहे. ग्रूला जो छापतो त्याचे दुकान बुडते, हा त्यांच्याच घरचा विनोद. मध्ये मोठमोठे खंड पडले, पण परत येताना आरागोनेस, संवाद लिहिणारा मार्क एव्हनियर आणि अक्षरे लिहिणारा स्टॅन साकाई अशी जुनी टोळी एकत्र येत राहिली, त्यामुळे काल थांबलेले बोलणे आज सुरू झाल्यासारखे वाटते. बर्कली ब्रेथेडने ‘ब्लूम काउंटी’ ही वृत्तपत्रातली चित्रपट्टी १९८९ मध्ये थांबवली आणि २०१५ मध्ये फेसबुकवर पुन्हा सुरू केली, वृत्तपत्र नाही, संपादक नाही, वेळेची टांगती तलवार नाही. ती पाने मोकळी आहेत, कधी सैलही. वेळेची तलवार काही प्रमाणात उपयोगी असते, असे मला ती वाचताना वाटले. ब्रेथेडला तसे वाटत नसणार.

हक्कांविषयी थोडेच सांगतो, कारण वाचक म्हणून तुम्हाला त्यातले जाणवते तेवढे पुरे. स्पेनमध्ये ‘मोर्तादेलो आणि फिलेमोन’चा कर्ता इबान्येस १९८०च्या दशकात हक्कांच्या भांडणातून बाहेर पडला आणि प्रकाशकाने चमू बसवून मालिका चालू ठेवली. त्या काळातल्या कथा चाहते आजही बनावट म्हणून वेगळ्या काढतात. कर्ता परतल्यावरच वाचकांचा जीव भांड्यात पडला. उलट बाजूला चार्ल्स शुल्झने आपल्यानंतर ‘पीनट्स’ ही चित्रपट्टी नवी निघू नये अशी व्यवस्था केली आणि वृत्तपत्रांत जुनीच चित्रे पुन्हा छापली जातात. बिल वॉटरसनने ३१ डिसेंबर १९९५ ला ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’ ही मुलाची आणि त्याच्या वाघाची चित्रपट्टी थांबवली ती थांबवलीच. २०१४ मध्ये त्याने दुसऱ्याच एका चित्रपट्टीसाठी गुपचूप काही चित्रे काढून दिली, पण आपल्या वाघाला हात लावला नाही.

काळ बदलण्याचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. लकी ल्यूक या कॉमिकमधल्या काऊबॉयच्या ओठांतली सिगारेट १९८३ मध्ये गेली आणि गवताची काडी आली, कोणाचे काही बिघडले नाही. पण २०२३ मध्ये ‘स्पिरू’ साप्ताहिकाच्याच नावाचा नायक स्पिरू, त्याचा एक अल्बम जुन्या ढंगाच्या एका ज्येष्ठ चित्रकाराने काढला, त्यात कृष्णवर्णीय पात्रे जाड ओठांच्या जुन्या व्यंगचित्री साच्यात आली, आणि वर्षभराने टीकेचा भडका उडाल्यावर प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. हे धडधडीत ठेकाचुकीचे उदाहरण आहे. तो साचा पन्नास वर्षांपूर्वीही कमअस्सल विनोद होता, तेव्हा फक्त तक्रार करणाऱ्याचा आवाज छापखान्यापर्यंत पोहोचत नसे. मालिका परत आणताना काय आणायचे आणि काय मागे सोडायचे, हे ठरवणारा संपादक बैठकीत हवा, आणि त्याचे ऐकले जायला हवे.

आता ‘परत आणाव्यातच का?’ याकडे येतो. कल्ट, म्हणजे निष्ठावंत चाहत्यांची, म्हणवणाऱ्या मालिकेवर वाचकांचा हक्क कागदावर नसतो, पण असतो. इटलीतली ‘अ‍ॅलन फोर्ड’ ही मालिका मॅग्नस आणि मॅक्स बंकर यांनी १९६९ मध्ये सुरू केली. न्यूयॉर्कमधल्या फुलांच्या दुकानाआड बसणारे कंगाल गुप्तहेर, आणि त्यांचा शत्रू म्हणजे गरिबांना लुटून श्रीमंतांना वाटणारा, स्वस्त दारूच्या भपकाऱ्याने माणसे आडवी करणारा झाडूवाला. इटलीबाहेर ती डोक्यावर घेतली ती युगोस्लाव्हियाने, नेनाद ब्रिक्सीच्या भाषांतरातून, आणि त्यातली वाक्ये तिथे रोजच्या बोलण्यात शिरली. मॅग्नसने ७५ अंकांनंतर मालिका सोडली. दुसऱ्या चित्रकारांनी ती पुढे चालवली, पण तिथला वाचक अजूनही फिरून फिरून त्या ७५ अंकांकडे येतो. नवे अंक निघाल्याने जुने खराब झाले नाहीत. हा माझा परत आणण्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा. वाईट पुनरागमन विसरले जाते, आणि त्याच्या निमित्ताने जुने अल्बम नव्याने छापले जातात, नव्या मुलांच्या हाती पडतात. कर्त्याने स्पष्ट ‘नको’ म्हटले असेल तिथे मात्र मी त्या कामाला बसणार नाही. गास्तोंच्या बाबतीत कायदा काय म्हणाला ते वर सांगितले; माझे मत मुलीच्या बाजूने आहे.

तुमच्या हातातल्या अल्बमपुरते सांगायचे तर तो पुन्हा एकदा वाचा, पण फुगे झाकून. नुसत्या चित्रांवरून विनोद कुठे आहे ते कळते का बघा. मग उलटे करा, नुसते संवाद वाचा. जुन्या चांगल्या पानात दोन्ही अर्धे अपुरे वाटतात आणि एकत्र आले की ठिणगी पडते. तुमच्या अल्बममध्ये चित्रही पुरे सांगत असेल आणि संवादही पुरे सांगत असेल, तर तीच गोष्ट दोनदा सांगितली जाते आहे, आणि हसू न येण्याचे कारण बहुधा तेवढेच आहे. त्यानंतर प्रत्येक पानाची शेवटची चौकट तेवढी बघत जा. तिच्यात कोणी हसत, डोळा मारत किंवा कपाळावर हात मारत असेल, तर ती बोटाने झाका आणि पान पुन्हा वाचा. काही पाने तिथल्या तिथे सुधारतील. तशी पाने बरीच निघाली तर लेखक चांगला आहे आणि त्याला घाबरवले गेले आहे. मग पुढच्या अल्बमची वाट बघायला हरकत नाही.